एक रुपयाची गटारं

पावसाळी गटारांसाठी घरपट्टीच्या बिलात वेगळा आकार असावा, त्या पैशांचं खातं वेगळं असावं आणि त्यातला रुपयाही दुसरीकडे वळवता येऊ नये, असं आज मी म्हणते. माझ्याबरोबर नोकरी केलेल्यांना हे वाचून हसू येईल. आमच्या महापालिकेतल्या अभियंत्यांनी नेमका हाच प्रस्ताव मांडला होता, तेव्हा त्यावर प्रतिकूल अभिप्राय लिहिणारी लेखाधिकारी मीच होते. तो अभिप्राय अजून कुठल्यातरी कपाटात असेल. तो घाईत खरडलेला नव्हता आणि त्यातलं थोडंफार मला आजही पटतं. त्यामुळे मत कसं फिरलं हे जरा सविस्तरच सांगावं लागेल.

माझा पहिला आक्षेप तिजोरीच्या शिस्तीचा होता. महापालिकेचा पैसा एका ठिकाणी असावा आणि गरज बघून वाटावा. प्रत्येक विभागाला आपापला राखीव निधी दिला की एकीकडे पैसे पडून राहतात आणि दुसरीकडे दवाखान्यात सलाइनच्या बाटल्या नसतात. घरपट्टीचं बिल उलटून बघा. सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, अग्निशमन, वृक्ष उपकर, शिक्षण कर, रोजगार हमी उपकर. शेपूट वाढतच गेलंय. त्यात आणखी एक ओळ घातली की भरणारा तोच, जो आधीपासून मुकाट्याने भरतोय. दुसरा आक्षेप मोजणीचा. नळाला मीटर लावता येतो, पावसाला कसा लावणार? तिसरा आक्षेप मी कागदावर सौम्य शब्दांत मांडला होता, पण आमच्या मुख्य लेखापालांनी तो तोंडी सांगितला तेव्हा जास्त खरा वाटला होता: "मॅडम, वेगळं खातं म्हणजे वेगळं कुरण."

चौथा मुद्दा माझा आवडता. मुंबई. देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका, हजारो कोटींच्या मुदत ठेवी, तरी तिथल्या सखल हिंदमाता चौकात पाणी भरतंच. म्हणजे अडचण पैशांची नाही. मग नवा आकार कशाला?

हा मुद्दा आता मी उलटा वाचते. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तीही ओहोटी धरून, आखलेली होती. शिवाय पडलेल्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं त्यात गृहीत होतं. १९८५च्या पुरानंतर अभ्यास सुरू झाला आणि १९९३मध्ये ब्रिमस्टोवॅड या पावसाळी गटारांच्या योजनेचा अहवाल आला. ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरा आणि मुरणारं पाणी शून्य धरा, असं त्याने सांगितलं. मुरायला माती उरलेली नाही, हे त्या शून्याने कबूल करून टाकलं. खर्चाचा अंदाज ६१६ कोटी. अहवाल बराचसा कपाटातच राहिला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला (त्याच दिवशी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही नव्हता), मग माधवराव चितळे यांची समिती बसली, आणि २००७मध्ये केंद्राने योजना मान्य केली तेव्हा आकडा १२०० कोटींवर गेला होता. पुढे तोही दुपटीपलीकडे गेला. आठ उदंचन केंद्रं ठरली होती. त्यातली मोगरा आणि माहुल ही दोन जागेच्या घोळात वर्षानुवर्षं अडकून राहिली.

या सगळ्या विलंबात अतिक्रमणं होती, रेल्वेखालच्या मोऱ्या होत्या, परवानग्यांच्या फायली होत्या. पैसा वेगळा ठेवला असता तर हे सुटलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण त्याच मुंबईत पाणीपुरवठा आणि मलनिःसारण यांचा अर्थसंकल्प 'ग' म्हणून वेगळा मांडला जात आला. पाणीपट्टी, मलनिःसारण आकार, लाभ कर अशी त्याची स्वतःची मिळकत. पावसाळी गटारं मात्र अर्थसंकल्प 'अ'मध्ये, रस्ते, पूल, उद्यानं आणि रुग्णालयं यांच्या रांगेत. १९९३ ते २००५ या काळात कुठल्याही एका वर्षी हे काम पुढे ढकललं म्हणून कोणाच्या ताळेबंदात काही बिघडलं नाही. पैसा होता. त्यावर हक्क सांगणारं कोणी नव्हतं.

आमच्याकडे हे कसं घडायचं ते मी जवळून पाहिलंय, घडवलंयही. अर्थसंकल्पात पावसाळी गटारांच्या दुरुस्तीला दरवर्षी तरतूद असायची. जानेवारी-फेब्रुवारी उजाडला की वर्गीकरणाचे प्रस्ताव यायला लागत, म्हणजे एका कामाची तरतूद काढून दुसऱ्या कामाला द्यायची. कुठे प्रवेशकमान, कुठे बाकडी, कुठे पेव्हर ब्लॉक. पैसे कुठून काढायचे, ते लेखा विभागाने शोधायचं. मी यादीवरून बोट फिरवायचे. औषधं? नको. पगार? प्रश्नच नाही. पाण्याच्या पंपांची वीज? उद्या शहर बोंब मारेल. पावसाळी गटारं? फेब्रुवारीत गटार ठणठणीत कोरडं असतं, त्याची आठवण कोणाला? 'तरतूद अखर्चित राहण्याची शक्यता' असा शेरा मारला की झालं. शेरा खोटाही नसायचा. पैसे राहतील याची खात्री नाही म्हणून विभागाने निविदाच काढलेली नसायची, आणि निविदा काढली नाही म्हणून मी पैसे काढायचे.

मग एप्रिलमध्ये नालेसफाईची धावपळ. पोकलेन, डंपर, वजनकाट्याच्या पावत्या, गाळ काढण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, पेपरात 'नालेसफाई शंभर टक्के पूर्ण'. असंच एक बिल घेऊन एक तरुण कनिष्ठ अभियंता माझ्या टेबलापाशी उभा होता. मोजमाप पुस्तिका चाळताना मी विचारलं, "काय हो, दरवर्षी त्याच नाल्यातून तेवढाच गाळ कसा निघतो?" तो म्हणाला, "मॅडम, गाळ कमी-जास्त निघतो. बजेट तेवढंच असतं." मी सही केली.

मत फिरलं ते मात्र या उत्तराने नाही. ते फिरवलं एका रजिस्टरने. २००४मध्ये राष्ट्रीय महापालिका लेखा नियमावली आली आणि हळूहळू सगळीकडे द्विनोंदी पद्धत लागू व्हायला लागली. जुन्या पद्धतीत तिजोरीतून जेवढे पैसे गेले तेवढा खर्च, विषय संपला. नव्या पद्धतीत प्रत्येक मालमत्तेची नोंद हवी: कधी बांधली, किती लागले, आयुष्य किती, दरवर्षी घसारा किती. शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या, कचऱ्याच्या गाड्या यांची नोंद रडतखडत झाली. पावसाळी गटारांपाशी गाडी अडली. नकाशा अर्धामुर्धा. कुठली वाहिनी कोणत्या साली टाकली हे निवृत्त झालेल्या मुकादमांना माहीत असेल तर असेल. लेआउटमधली गटारं बिल्डरांनी बांधून फुकट हस्तांतरित केलेली, हद्दवाढीतल्या गावांची गटारं ग्रामपंचायतींकडून आलेली. फुकट मिळालेली मालमत्ता नाममात्र एक रुपयाने दाखवायची, अशी रीत आहे. तशी आम्ही ती दाखवली.

पाइप, चेंबरं, बंदिस्त केलेले नाले, मोऱ्या, किलोमीटरच्या किलोमीटर. पुस्तकात ओळीने एकेक रुपया. लेखापरीक्षकाने समोर बरोबरची खूण केली, आणि हिशेबाच्या नियमाने ती योग्यच होती. मी सहज शेजारचा घसाऱ्याचा रकाना पाहिला. एक रुपयावर घसारा तो काय लागणार? म्हणजे आमच्या पुस्तकांप्रमाणे शहराची गटारं झिजतच नव्हती. जे झिजत नाही ते बदलायला कोणी पैसे बाजूला काढत नाही, आणि ते पैसे बाजूला काढलेले नाहीत म्हणून कोणाला उणीव दिसत नाही. इतकी वर्षं फेब्रुवारीत माझं बोट त्याच एका ओळीवर का थांबत होतं, ते मला त्या रकान्याने सांगितलं. जिथून पैसे उचलले तर पुस्तकात वळही उठत नाही, तिथून मी उचलत होते. 'एकच तिजोरी, गरजेप्रमाणे वाटप' हे माझं तत्त्व कागदावर ठीक होतं, पण गरज ज्या पुस्तकातून ओळखायची त्यातच ही गरज लिहिलेली नव्हती.

निवृत्तीनंतर भाचीकडे फिलाडेल्फियाला गेले होते. सवयीने तिच्या घरचं पाण्याचं बिल वाचायला घेतलं. ("मावशी, तू सुट्टीवर आलीयस ना?" असा टोमणा त्यावर मिळाला.) बिलात पाणी होतं, सांडपाणी होतं आणि पावसाच्या पाण्याची वेगळी ओळ होती. मग मी खोदत गेले. पूर्वी तिथेही हा आकार पाण्याच्या मीटरच्या मापावरून लावत. त्यामुळे गंमत अशी व्हायची की नळच नसलेल्या भल्यामोठ्या पार्किंगच्या जागेला काहीच नाही आणि थोडक्या जागेवर उभ्या उंच इमारतीला दणदणीत बिल. जुलै २०१०पासून त्यांनी मीटर सोडून जमीन धरली. घरांना सरसकट सारखा आकार, आणि बाकीच्यांना मुख्यतः छपराने, डांबराने, सिमेंटने झाकलेल्या क्षेत्रफळावर. बदल एका फटक्यात केला नाही, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने आणला. आपल्या आवारात पाणी मुरवण्याची सोय केली तर सूट. त्या जोरावर २०११मध्ये त्यांनी नदीत जाणारं घाण पाणी रोखण्याचा पंचवीस वर्षांचा आराखडा हाती घेतला. पावसाला मीटर कसा लावणार, हा माझा आक्षेप इथे निकालात निघाला. मीटर फरशीला लावायचा होता.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. शेजारच्या मेरीलँड राज्यात २०१२च्या कायद्याने मोठ्या कौंट्यांना असा आकार सक्तीचा केला, तर विरोधकांनी 'रेन टॅक्स' म्हणून त्याची यथेच्छ टर उडवली. फ्रेडरिक कौंटीने तर निषेध म्हणून मालमत्तेमागे वर्षाला एक सेंट आकार ठरवला. २०१५मध्ये सक्ती उठवावी लागली. एक सेंट वाचल्यावर मला आमचा एक रुपया आठवला.

परत आल्यावर वही काढली. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दोन हजार चौरस मीटरचं, म्हणजे साधारण अर्ध्या एकराचं, सिमेंटचं पार्किंग घ्या. ताशी ५० मिलिमीटर पाऊस लागला तर तिथून तासाला एक लाख लिटर पाणी निघतं. दहा हजार लिटरचे दहा टँकर, फाटकातून थेट रस्त्यावर. तिथे माती आणि झाडं असती तर त्यातलं बरंच पाणी उशिरा आणि थोडंथोडं आलं असतं. हेच दहा टँकर कोणी मुद्दाम चौकात रिकामे केले असते तर आपण पोलिसांत गेलो असतो.

उदाहरणापुरता दर वर्षाला चौरस मीटरमागे पाच रुपये धरू. साठ चौरस मीटर छपराच्या घराला तीनशे रुपये, त्या पार्किंगला दहा हजार, वीस हजार चौरस मीटर झाकलेल्या मॉलला एक लाख. क्षेत्रफळ नव्याने मोजत बसायलाही नको, कारण घरपट्टीसाठी उपग्रहाच्या आणि ड्रोनच्या चित्रांवरून मोजणी अनेक महापालिकांनी केलेली आहे. त्यात छपरं दिसतात, आवारातले पेव्हर ब्लॉकही दिसतात. झोपडपट्टीला हा आकार माफ असावा, याबाबत मी ठाम आहे. सखल भागातली माणसं तो आधीच भरतायत. पाणी ओसरलं की फ्रीजचा कॉम्प्रेसर, भिजून फुगलेल्या गाद्या, पाण्याच्या मोटारीचं रिवाइंडिंग, मुलांची नवी वह्यापुस्तकं, बुडालेली मजुरी. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा काठच्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत शिरला, तेव्हा तर माणसंच गेली. हा खर्च महापालिकेच्या कुठल्याच लेखाशीर्षात दिसत नाही, म्हणून गटारं न बांधणं स्वस्त वाटतं.

आकार लावणं ही त्यातल्या त्यात सोपी बाजू. अवघड आहे ते त्या पैशांचं वीस-तीस वर्षांचं वेळापत्रक बांधणं. पावसाळी गटारांचा खर्च तीन तऱ्हांचा असतो: दरवर्षीची सफाई आणि डागडुजी, जुनं झालेलं बदलणं, आणि नवं बांधणं. अनुदान येतं ते जवळजवळ नेहमी तिसऱ्यासाठी. पंधराव्या वित्त आयोगाने सात शहरांच्या पूरनियंत्रणाला २५०० कोटी ठेवले. मुंबई, चेन्नई, कोलकात्याला प्रत्येकी ५००, पुण्यासह उरलेल्या चौघांना प्रत्येकी २५०. पैसा चांगलाच आहे, नाही कोण म्हणतंय? पण अनुदानातून उदंचन केंद्र उभं राहिलं की पंपचालकांचे पगार, जनरेटरचं डिझेल, वीज कंपनीचा बारमाही स्थिर आकार, भरतीच्या दारांची देखभाल, आयुष्य संपल्यावर पंप बदलणं, हे सगळं महापालिकेच्या गळ्यात. चार महिने चालणारं यंत्र बारा महिने पोसावं लागतं. माझ्या टेबलावरून गेलेल्या प्रकल्प अहवालांत बांधकामाचा तपशील पानंच्या पानं असायचा आणि देखभालीची एक ओळ: 'महापालिका स्वनिधीतून करील.' कोणता स्वनिधी, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, कारण तो स्वनिधी फेब्रुवारीत कमानीवर जात होता हे मला ठाऊक होतं.

बदलण्याच्या खर्चाचं तर कोणी नावच काढत नाही. वाहिनी सत्तर वर्षं टिकेल म्हटलं तरी कुठल्याही वर्षी त्यातल्या कुठल्यातरी तुकड्याचं सत्तरावं वर्ष असणारच. कॅमेरा आत सोडून कुठे तडे आहेत, कुठे झाडांची मुळं घुसलीत, कुठे कोणी सांडपाण्याची जोडणी मारलीय, ते बघायचं. मग जिथे खचली तर रस्ता किंवा वस्ती बसेल ती वाहिनी आधी, बाकीची नंतर. असा तक्ता हातात असला की दर वर्षी थोडाथोडा वाढवता येतो. नसला की दहा वर्षं काहीच नाही आणि अकराव्या वर्षी एकदम दुप्पट, म्हणजे मोर्चा ठरलेला. कर्जाचंही तेच. पुण्याने २०१७मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने काढले, कारण परतफेडीसाठी बोट दाखवायला नियमित उत्पन्न होतं. पावसाळी गटारांसाठी रोखे काढायचे म्हटले तर गुंतवणूकदाराला काय दाखवायचं? एक रुपयाची मालमत्ता आणि शून्य मिळकत?

मुख्य लेखापालांच्या कुरणाचं काय? ते अजून भेटतात, आणि त्यांचं मत तसूभर हललेलं नाही. २०२५मध्ये मिठी नदीच्या गाळाच्या कंत्राटांवरून गुन्हा दाखल झाला तेव्हा त्यांचा लगेच फोन आला, "बघितलंत?" बघितलं. पण तो पैसा माझ्या प्रस्तावातल्यासारख्या कुठल्या वेगळ्या खात्यातला नव्हता, नेहमीच्याच अर्थसंकल्पातला होता. वेगळं खातं असतं तर चोरी झालीच नसती, असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. एवढंच की एका नाल्याच्या एका मीटरला यंदा किती, गेल्या वर्षी किती, शेजारच्या प्रभागात किती, हे एका पानावर दिसलं असतं. आज ते दिसत नाही, कारण नालेसफाई एका शीर्षात, पंप दुसऱ्यात, रस्त्याकडेची गटारं पथ विभागात आणि आपत्कालीन खर्च कुठेही.

माझी जुनी भीती मात्र पुरती गेलेली नाही. वेगळा निधी साचला की त्यावर मुदत ठेवी होतात आणि ठेव दिसली की वरपासून खालपर्यंत सगळ्यांना आपापली कामं आठवतात. म्हणून वर्गीकरणाला बंदी हवी, आणि वर्षाअखेरीला कोणती वाहिनी बदलली त्याची यादी रस्त्याच्या नावानिशी प्रभाग कार्यालयात लावलेली हवी. एवढं नसेल तर माझा जुना अभिप्रायच बरा.

एक गाठ मला सुटलेली नाही. रेल्वे, संरक्षण खातं, बंदरं यांच्या जमिनी अफाट, त्यांचं पाणी आमच्याच नाल्यांत येतं. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५मुळे केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक कर बसत नाही. तेव्हा हा आकार कर म्हणून चालणार नाही, सेवेचं शुल्क म्हणून बसवावा लागेल, आणि शुल्क म्हटलं की सेवा दिल्याचं दाखवावं लागेल. अमेरिकेतही हा वाद झाला. २०११च्या सुरुवातीला तिथल्या केंद्र सरकारने कायदा करून आपल्या कार्यालयांना हे शुल्क भरायला लावलं. आपल्याकडे त्यावर वकिलांची एक पिढी जगेल. तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. शहरात एका मालकाची सगळ्यात जास्त झाकलेली जमीन खुद्द महापालिकेची असते: रस्ते. जर्मनीत रस्त्यावरच्या पावसाच्या पाण्याचा खर्चही रस्त्याच्या मालकाच्या माथी बसतो. मग पहिलं बिल आपल्याच पथ विभागाच्या नावाने काढा, असं मी परवा जुन्या कार्यालयात जाऊन सांगितलं. पथ विभागाने रक्कम एकदा वर्ग केली की फेब्रुवारीत ती परत काढताना कोणाला तरी स्वतःच्या नावाने सही करावी लागेल. अभियंते हसले. लेखा विभागातली नवी मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "मॅडम, लेखाशीर्ष कोणतं टाकू?" लेखाशीर्ष नाहीच. ते उघडायला स्थायी समितीचा ठराव लागतो. मसुदा मी लिहून देते म्हणून सांगितलंय.